हुंकाऱ्याचं बटण

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो. हे कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, ते विचारू नका. मी लहानपणी विचारलं होतं आणि आईची चापट खाल्ली होती. बाकीच्या पोरांना हा वाट चुकणारा मामा म्हणजे कुठला तरी लांबचा, उन्हात धोतर सावरत चाललेला माणूस वाटायचा. माझी पंचाईत अशी, की माझा मामा खरोखरच रोज वाटेवर असायचा. खापरहून डोंगरात जाणारी काळी-पिवळी जीप चालवायचा तो. अक्कलकुवा, मोलगी, घाट चढून धडगाव, आणि संध्याकाळी परत.

त्यामुळे हा नियम सगळ्यांत कडक पाळायचा तो मामाच. घाटात एखादी म्हातारी म्हणायची, काही तरी सांग रे बाबा, वेळ जाता जात नाही. तर हा गिअर बदलत म्हणायचा, "दिवसा गोष्ट सांगू अन् मीच वाट चुकू? मंग तुम्ही सगळा कोठे जाशात?" जीपभर हशा. पावरी बोलणारी माणसं, त्यांना आमची अहिराणी अर्धी कळायची, पण एवढं बरोबर कळायचं.

दिवा लागला की मात्र त्याला कुणी थांबवू शकत नसे. सुट्टीत मी खापरला असलो की ओट्यावर त्याच्या मांडीला टेकून बसायचो. तो बिडी बाजूला ठेवायचा, घसा साफ करायचा आणि सुरू करायचा, "एक व्हती नदी. तिले झोपच ये ना." आणि थांबायचा. आत चुलीपाशी भाकरी थापणारी मामी म्हणायची, "हं." मग पुढची ओळ. पुन्हा थांबणं, पुन्हा "हं."

याला हुंकारा म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं ओळीओळीला द्यायचा असतो. हुंकारा नाही तर गोष्ट नाही. आम्ही पोरंही द्यायचो, पण आमचे हुंकारे पेंगत दिलेले, मामाच्या लेखी ते खोटं नाणं. त्याला मामीचाच लागायचा. भाकरी करपत असली, दूध उतू जात असलं, तरी मामीचा हुंकारा जागच्या जागी यायचा. एकदा फोडणीच्या चरचरीत तो ऐकू आला नाही, तर मामानं गोष्ट तिथंच सोडली आणि चप्पल घालून पानाच्या टपरीवर निघून गेला. नदी बिचारी रात्रभर तशीच उभी. माणूस मोठा हेकट! पण सांगणाऱ्याला एवढा हेका असावाच लागतो, असं आता वाटतं.

ती नदीची गोष्ट त्याचीच होती. दुसऱ्या कुणाकडून मी ती कधी ऐकली नाही. नदीला झोप येत नाही, म्हणून ती वडाला विचारते, तुझ्याकडे उसनी झोप आहे का. वड म्हणतो, माझी पाखरांनी नेली. डोंगराला विचारते, डोंगर म्हणतो, माझी पायथ्याला सांडली. अशी ती विचारत विचारत जाते. शेवट दर वेळी वेगळा. कधी समुद्राकडे झोप सापडायची, कधी एका आंधळ्या नावाड्याकडे.

आता माझं. मी शहाद्याला राहतो. काय करतो ते सांगायला गेलं की समोरच्याचा चेहरा कोरा होतो, म्हणून लग्नाकार्यात मी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगतो. इथं जरा नीट सांगतो. पुस्तकं वाचायचं एक यंत्र असतं, ई-रीडर. पाटीएवढं. पडदा कागदासारखा, डोळ्यांत उजेड मारत नाही. त्यात कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. आणि जगभरच्या काही रिकामटेकड्या लोकांनी मिळून वाचायचं दुसरं एक सॉफ्टवेअर केलेलं आहे, फुकट, कुणाच्याही यंत्रात घालता येईल असं. कारण कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटून विटांसारखी पडायची, अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं नाही, आणि तक्रार केली तर गोड गोड उत्तर यायचं. त्या रिकामटेकड्यांतला एक मी. पोटासाठी दुसरी कामं करतो, पण जीव इथं अडकलेला.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे त्या यंत्रातला घरजावई. घर कंपनीचं, चूल कंपनीची, आणि कुणी बोलावलेलं नसताना हा आत येऊन म्हणणार, सरका, पुस्तक मी दाखवतो. कंपनीनं कधी बाहेर काढलं तर दाद कुणाकडे मागणार? माझं काम त्या घरजावयाची बाजू सांभाळायचं. लोक लिहितात, पान उलटत नाही, चार्जिंग उतरलं, पुस्तक उघडत नाही. मी उत्तरं देतो. पहिलं उत्तर ठरलेलं: यंत्रातलं घड्याळ बरोबर आहे का ते बघा. अर्ध्या भानगडी घड्याळाच्या असतात. हे शंभरदा लिहून ठेवलंय, तरी कुणी वाचेल तर शपथ! मी चिडून लिहितो, पुसतो, एक चहा पितो आणि सभ्यपणे परत लिहितो.

या कागदासारख्या पडद्याची एक खोड आहे. पान उलटलं तरी आधीच्या पानाची पुसट सावली मागं राहते. नीट बघितलं तर नव्या ओळींच्या खाली जुन्या ओळी झोपलेल्या दिसतात. लोक तक्रार करतात, मी त्यांना ती घालवायची युक्ती सांगतो. माझ्या स्वतःच्या यंत्रात मात्र मी ती कधीच घालवत नाही. दुपारी खिडकीबाहेर पपईची बाग गरम वाऱ्यात डुलत असते, मी वाचता वाचता पेंगतो, आणि मागचं पान पुढच्या पानातून वर येत राहतं. तेव्हा मी कुठल्या पानावर आहे ते मला सांगता येत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही.

तर मामीचे कान गेले. हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोन, मग दारावरची कडी. नंदुरबारहून कानाचं यंत्र आणलं, ते कानात कुई कुई करायचं, ते तिनं शेवयांच्या डब्यात ठेवून दिलं. जीप तर आधीच विकली होती. आणि मामाच्या गोष्टी बंद पडल्या. त्यानं तसं जाहीर वगैरे केलं नाही. एका संध्याकाळी मी तिथं होतो. तो म्हणाला, "एक व्हती नदी," आणि थांबला. आत भाकरीची थपथप चालू. तो थांबूनच राहिला. मी मोठ्यानं "हं" म्हटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बिडी पेटवली आणि रस्त्याकडे बघत बसला.

मामीला ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. मला चहा देताना म्हणाली, "मन्हा कानसनी त्यासनं तोंड बंद करी टाकं." डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मला फार वाईट वाटलं. आणि राग आला. कुणाचा ते कळेना, मग मी तो शेवयांच्या डब्यावर काढला, झाकण धाडकन लावलं. तिला तेही ऐकू गेलं नाही.

परत येताना डोक्यात आलं, की ऐकू येत नसेल तर दिसू दे. मामी चौथीपर्यंत शिकलेली, वाचायची भरपूर. मी संध्याकाळी संध्याकाळी खापरला जाऊन मामाच्या गोष्टी मोबाइलवर धरल्या (मामीसाठी आहे म्हटल्यावर त्यानं माझ्या हुंकाऱ्याचं खोटं नाणंही चालवून घेतलं), शहाद्याला येऊन टाइप केल्या. एका पानावर एकच ओळ, अक्षर बोटभर. यंत्र मामीच्या मांडीवर. आणि मामाच्या हातात बाजारात मिळतं ते सेल्फीच्या काठीचं छोटं रिमोट, एकच बटण असलेलं. मामानं ओळ सांगायची आणि बटण दाबायचं, की ती ओळ मामीच्या पुढ्यात. ती वाचून म्हणणार, हं. कंपनीच्या सॉफ्टवेअरला असलं काही जमत नाही. आमच्या घरजावयाला जमतं.

मामानं पहिलंच विचारलं, "दिवसा वाचं नही ना कोनी?"

मी म्हटलं, अहो मामा, तपासून बघायला नको का? मनातल्या मनात वाचलेलं चालतं का?

तो कोर्टातल्या जज्जासारखा विचार करत बसला. शेवटी निकाल दिला: मनातल्या मनात चालेल, ओठ हलले नाही पाहिजेत. पण म्हणाला, मामीच्या हातात ही पाटी दिवसभर राहणार, तिचे ओठ हलले तर? तेव्हा दिवसा पुस्तक उघडताच कामा नये. आता आली का पंचाईत! मग मी सॉफ्टवेअरला एक छोटी जोड लिहिली. सूर्य मावळायच्या आत गोष्टीचं पुस्तक उघडलं तर पडद्यावर फक्त 'दिवा लागू द्या' एवढंच यायचं. आमच्या जगभरच्या मंडळींनी विचारलं, हे कशासाठी? मी सगळं समजावून लिहिलं. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या बाईनं लिहिलं, आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, मग आम्ही काय करायचं? मी ते मामाला सांगितलं. तो हळहळून म्हणाला, "मंग तठला मामा कधी घर पोचस नही." तिकडच्या मामासाठी त्याचा जीव खरोखर तुटला होता. मी ते तसंच त्या बाईला कळवलं.

पहिली संध्याकाळ मी विसरणार नाही. मामी आयुष्यात पहिल्यांदा गोष्टीच्या वेळी ओट्यावर येऊन बसली, नाही तर ती कायम आत. मामानं घसा साफ केला. "एक व्हती नदी. तिले झोपच ये ना." बटण दाबलं. पडदा एकदा काळा झाला, पांढरा झाला, आणि पाण्यातून वर यावी तशी ओळ वर आली. मामीनं वाचली. मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "हं," म्हणाली. मामानं रिमोट सदऱ्याला पुसून घेतलं. मी उगाचच चार्जरची वायर गुंडाळत बसलो.

अर्थात सुख दोन दिवसही टिकलं नाही. मामा आणि एकच गोष्ट दोनदा सारखी सांगणार? शक्यच नाही. गोष्टीच्या शेवटाला त्यानं नवंच काही तरी काढलं. आम्ही फार वर्षांपूर्वी एकदा बोटीतून मणिबेलीला गेलो होतो. खाली धरणात गाव बुडालेलं, वर पाणी इतकं स्थिर, की वल्ह्याचे थेंब पडलेले ऐकू येत होते. मामा बोटीच्या काठावरून हात सोडून त्या पाण्याकडे बघत होता, तेव्हा काही बोलला नव्हता. आता इतक्या वर्षांनी ओट्यावर म्हणाला, "नदी झोपनी. पन तिन्हा खाले गाव जागाच ऱ्हायना." आणि बटण दाबलं. पडद्यावर मात्र आंधळा नावाडी आला! मामी हसायला लागली. मामा भडकला. म्हणाला, मी पुस्तकाच्या मागं कशाला जाऊ, पुस्तकानं माझ्या मागं यावं. त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. मामीनंच तोड काढली. म्हणाली, पुस्तक एक सांगतं, हा माणूस एक सांगतो, मी दोघांना हुंकारा देते, भांडू नका. तो ओळ सांगायचा तेव्हा ती त्याचे ओठ वाचायची, मग पडद्यावरची ओळ वाचायची, आणि दोनदा म्हणायची, हं, हं. मामानं सोडलेली नवी ओळ मी शहाद्याहून पुस्तकात घालून पाठवायचो. त्यासाठी मामाच्या मोबाइलचं नेट त्या यंत्राला जोडून ठेवलं होतं.

आणि तिथंच ती भानगड झाली. एका दुपारी आमच्या जगभरच्या मंडळींत आरडाओरडा सुरू झाला. कंपनीनं नवं अपडेट सोडलं होतं आणि आतून कडी लावली होती. अपडेट आलं की बाहेरचं सॉफ्टवेअर बंद, परत घालायची वाट नाही. जगभरातून लोक लिहीत होते, माझंही गेलं, माझंही गेलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! नेट लागलं की अपडेट आपोआप उतरतं, आणि खापरचं नेट मीच जोडून आलो होतो. मामाला फोन लावला, कुणी उचलेना. मामीला तर रिंग ऐकूच जाणार नाही. मोटारसायकल काढली आणि निघालो.

तळोदा गेलं, अक्कलकुवा गेलं. दोन्हीकडे केळी, ऊस, पुढं सातपुड्याची निळी रेघ. मी मनात एकच म्हणत होतो, अजून उतरलं नसू दे. ते यंत्र म्हणजे काय मोठी चीज नव्हे, पण ते बंद पडलं की मामा पुन्हा रस्त्याकडे बघत बसणार आणि मामी पुन्हा स्वतःच्या कानांना दोष देणार, एवढंच मला दिसत होतं.

घराचं दार उघडं. मामी खाटेवर बसलेली, यंत्र मांडीवर, आणि पडद्यावर नदीची ओळ, बोटभर अक्षरात. अपडेट उतरलं नव्हतं! मी हुश्श म्हणून आधी नेट तोडून टाकलं. मग माझी ट्यूब पेटली. बाहेर लख्ख ऊन, आणि पुस्तक उघडं कसं? कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. त्यात रात्र झालेली होती; चुकलेल्या घड्याळापुढं अपडेटही अडलं असणार. आणि भिंतीजवळ दुपारच्या उन्हात एक निरांजन जळत होतं.

मी मामीकडे बघितलं. तिचा चेहरा इतका ओढलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मी दिवसा वाचं, भाचा," ती म्हणाली. "अन् त्या घरमा नही शेत."

मामा घरात नव्हता. हळूहळू उलगडलं. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती ओठ बघायची, आणि म्हणून आमच्या सगळ्यांच्या आधी तिला कळलं होतं. मामाचे ओठ ओळीच्या मध्येच थांबायला लागले होते. डोंगर विसरायचा, वड दोनदा यायचा. आम्हाला वाटायचं, तो गोष्ट मुद्दाम बदलतोय. तिला माहीत होतं, की तो शोधतोय. म्हणून तिनं सगळ्या गोष्टी पाठ करायचं ठरवलं, म्हणजे तो अडला की ओठांनी पुढची ओळ सुचवता येईल. पण संध्याकाळी तो समोर असायचा, तेव्हा चोरून पाठ करणार कशी? दिवसा पुस्तक उघडायला गेली तर 'दिवा लागू द्या'. तिनं आपला दिवा लावला. निरांजन पडद्यापुढं धरून बसली. काही होईना. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. एकदा चार्जिंग उतरून घड्याळ चुकलं होतं तेव्हा मीच तिला ते कसं लावायचं ते दाखवलं होतं. तिनं तास पुढं ढकलले आणि घरात रात्र केली. रोज दुपारी मामाचा डोळा लागला की ती दिवा लावून रात्र करायची आणि वाचायची. ओठ न हलवता वाचायची, तसं मामाचंच बजावणं होतं. पण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. ओठ हलले का, आवाज फुटला का, ते तिचं तिलाच माहीत नाही.

आणि त्या दिवशी मामा जेवण करून, "गाडीना नंबर लावी येस," असं काहीसं म्हणून चप्पल घालून गेला होता. जीप विकून किती तरी वर्षं झालेली. मोबाइल खुंटीला पिशवीतच होता.

मी मामीला ओरडून, खुणा करून सांगत होतो, मामी, असं काही नसतं, वाचल्यानं कुणी वाट चुकत नाही. ती माझे ओठ बघत होती आणि नाही नाही अशी मान हलवत होती. खरं सांगू? मी हे बोलत होतो आणि माझाच मला भरवसा वाटत नव्हता. तेवढ्यात मामाचा मोबाइल वाजला. धडगावच्या स्टँडवरून, त्याच्या लाइनीतल्या एका जुन्या ड्रायव्हरचा. म्हणाला, "मामा आठे बठेल शे. चहा पी ऱ्हायना. मना नंबर कव्हय लागी, असं इचारी ऱ्हायना." मी विचारलं, वाट चुकले का हो? तर तो म्हणाला, छे, वाट कशाला चुकतील, सरळ धडगावला आले, परत यायचं तेवढं विसरले.

परतीच्या जीपनं त्यांनी मामाला पुढच्या सीटवर बसवून पाठवलं. दिवेलागणीला तो खापरला उतरला, ओट्यावर आला, चपला नीट जोडीनं लावल्या आणि म्हणाला, "घाटमा भलतं धुकं व्हतं." धुक्याचे ते दिवस नव्हते.

मामी त्याच्यापुढं जमिनीवर बसली. तिनं सगळं सांगितलं, घड्याळ, दिवा, दुपारचं वाचणं. म्हणाली, तुम्ही माझ्यामुळं वाट चुकलात. मला वाटलं, आता हा हेकट माणूस भडकणार. मामा तिच्याकडे वाकला. मग त्यानं विचारलं, "तू वाचं? एकलीच?"

तिनं मान डोलावली.

"मंग हुंकारा कोनी दिधा?"

तिनं ते त्याच्या ओठांवरून वाचलं. कुणीच दिला नव्हता. आयुष्यभर जिनं दिला, तिला कुणी दिला नव्हता, एवढ्या गोष्टी तिनं भर दुपारी कुणाच्या हुंकाऱ्याशिवाय वाचल्या होत्या. मामाला याचं फार वाईट वाटलं. वाट, धडगाव, धुकं, सगळं तो विसरला. पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिला, हुंकाऱ्याशिवाय कुणी गोष्ट सांगतं का येडे. मग खिशातून ते रिमोट काढून, अंगठा त्यावर ठेवून म्हणाला, "सांग."

तेव्हापासून मामी सांगते. ऐकू येत नसल्यानं तिला आवाजाचा अंदाज नाही, ती इतक्या मोठ्यानं वाचते की गल्लीच्या टोकापर्यंत कळतं, नदीला झोप येत नाही म्हणून. शेजारच्या घरातला टीव्ही बंद होतो. ती ओळ वाचते आणि पडद्याकडे बघत थांबते. मामा 'हं' म्हणतो की नाही, तिला ऐकू येणार नाही. पण तो बटण दाबतो. पान उलटतं. ती बघते, आणि पुढची ओळ वाचते.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी मामाच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढणार म्हणाले. तसं ते वाढतंय. मला तो कधी भाचा म्हणतो, कधी विचारतो, मोलगीला उतरायचं का. मामीला तो अजून चुकत नाही. ते यंत्र मी आता कुठल्याच नेटला जोडत नाही. त्यात आमच्या सॉफ्टवेअरची जुनी, कुणीच वापरत नसलेली आवृत्ती आहे. मंडळी विचारतात, हिच्यातल्या चुका तू अजून कशाला दुरुस्त करत बसतोस, कोण वापरतं? मी लिहितो, एक जण.

मामाचा अंगठा आता मंद झालाय. एकेका ओळीला तो किती वेळ थांबतो, कधी कधी ती ओळ वाचून मामी दिव्याची वात सारून येते, तरी पान तसंच. मी तिला म्हटलं, आपोआप पान उलटायची सोय आहे, करून देऊ? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

परवा गेलो होतो. मी ओट्याच्या कडेला बसलेलो. मामीनं वाचलं, "मंग नदीनी इचारं, मन्ही झोप कोनी दखी का?" आणि थांबली. मामा भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत होता, डोळे उघडे, पण तो तिथं नव्हता. मामी थांबली. मी बघत होतो. माझ्याच्यानं बघवेना. माझ्या मोबाइलवरून, नेटशिवाय ब्लूटूथनं, ते पान उलटता येतं, तपासणीसाठी मीच ती सोय ठेवलीय. मी हळूच खिशात हात घातला आणि दाबलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, वडाची ओळ वर आली.

मामीनं वाचली नाही. तिनं पडद्याकडे बघितलं, मग मामाच्या अंगठ्याकडे, मग माझ्याकडे. रागावली नाही.

"हाऊ हुंकारा त्यासना नही," म्हणाली.

बोटानं तिनं पान मागं नेलं. नदीची ओळ परत आली, तिच्याखाली वडाची पुसट सावली राहिली. यंत्र मांडीवर नीट धरून ती बसली. दिव्याभोवती एक पाखरू फिरत होतं. घाटातून उतरलेली शेवटची जीप समोरून गेली, तिचा उजेड ओट्यावरून सरकला, मामाच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

मग त्याचा अंगठा हलला.